कोण शिवलं आणि काय शिवलं

मांजरी बुद्रुकात टँकर वस्तीत शिरला की सगळ्यांत आधी पळतात ती पोरं. पाइपाचं तोंड कोणी धरायचं यावरून त्यांची जुंपते. त्यांतलंच एखादं, नुकतंच गटारीच्या कडेला बसून उठलेलं, पाइपाला तोंड लावून घटाघटा पाणी पितं, आणि तोच पाइप पुढच्या निळ्या पिंपात सुटतो. पिंपाच्या काठाला प्लॅस्टिकचा मग अडकवलेला असतो. त्याच मगाने लेकराला धुवायचं आणि पिण्याचा हंडाही त्याच मगाने भरायचा.

हे मी त्या आईला नावं ठेवायला लिहीत नाही. दोन पिंपं पाण्यात तिने कशाकशाला वेगळी भांडी करावीत? नावं ठेवायचीच तर मी माझ्या घरापासून सुरुवात करतो.

माझी आजी सोवळ्यात स्वयंपाक करायची. मोलकरणीचा पदर माठाला लागला तर माठभर पाणी मोरीत ओतून द्यायची आणि माठ पुन्हा घासून घ्यायची. तान्ह्या नातवाची शी मात्र तिच्या सोवळ्याला कधी बाधली नाही. ‘लेकराची शी म्हणजे काय घाण असते होय?’ असं म्हणून नुसत्या पाण्यात हात खळबळायचे आणि पुन्हा कणकेला लागायचं. त्याच हातच्या पोळ्या खाऊन आम्ही वाढलो. धाकट्या भावाला जुलाब सुरू झाले तेव्हा निदान तयार होतं: दात येतायत. उपायही तयार होता: पाणी बंद, कारण आत गेलं की बाहेर येतं. दुसऱ्या दिवशी त्याची टाळू खोल गेली, डोळे आत ओढले, रडताना डोळ्यांतून पाणी येईना. मीठ-मोहरीने दृष्ट काढून झाली. भाऊ वाचला. कशाने, ते घरात आजही कुणाला सांगता येत नाही. नवस मात्र बिनचूक फेडला गेला.

आमची शुद्धता अशी होती. कोण शिवलं याचा चोख हिशेब, काय शिवलं याची चौकशीच नाही.

जंतूंना हा हिशेब कळत नाही. शिगेला नावाचा जिवाणू पोटात जाऊन आव पडायला, शीतून रक्त यायला, दहा ते शंभर जंतूही पुरतात. नखाच्या कडेला दिसणार नाही एवढी शी त्यासाठी खूप झाली. टायफॉइड, साल्मोनेला, ई. कोलाय, पटकी, नावं वेगळी असली तरी बहुतेक वेळा वाट एकच: कुणाची तरी विष्ठा कुणाच्या तरी तोंडात. वाक्य किळसवाणं आहे, माफ करा, पण याहून सोज्ज्वळ शब्दांत ते सांगितलं की लोक ‘पोट बिघडलंय’ म्हणून मोकळे होतात. तान्ह्याच्या शीतही हेच जंतू असू शकतात. ती नालीत टाकली, की पावसाच्या पहिल्या सरीबरोबर ती पाण्याच्या चिरलेल्या पाइपाशी जाते.

यात मांजरीचा एक विरोधाभास आहे. सीरम इन्स्टिट्यूटचा पसारा आपल्या गावापर्यंत आला आहे. बाळांना जुलाबाने बेजार करणाऱ्या रोटाव्हायरसवरची लस ही कंपनी करते आणि २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने ती मान्यही केली. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना मिळणारे रोटाव्हायरस लसीचे डोस चुकवू नयेत, हे सांगायलाच हवं. पण रोटाव्हायरस हा विषाणू. वर नावं घेतली ते जिवाणू त्या लसीला जुमानत नाहीत. त्यांना अडवायला हाताला साबण लागतो आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन.

ते क्लोरीन नसेल तर काय होतं, हे पुण्याने जानेवारी २०२५ मध्ये पाहिलं. सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात माणसांचे हातपाय लुळे पडू लागले, काहींना श्वासासाठी यंत्र लावावं लागलं. जीबीएस, म्हणजे गिलेन-बारे सिंड्रोम, हा शब्द घराघरांत पोचला. संशयित रुग्ण दोनशेच्या वर गेले, त्यांत लहान मुलंही होती. काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. एरवी तो आठवडाभर जुलाब करून निघून जातो. क्वचित एखाद्याच्या बाबतीत जंतूवर सोडलेली प्रतिकारशक्ती वाट चुकते आणि स्वतःच्याच नसांवर तुटून पडते. बोट पाण्याकडे वळलं. नांदेड, किरकटवाडी आणि आपलं मांजरी बुद्रुक ही गावं महापालिकेत आली एकाच वेळी, जून २०२१ अखेर, तेवीस गावांच्या यादीत. गाव एका कागदाने शहरात येतं, जमिनीखालचे पाइप मात्र तेच राहतात.

यावर सुस्थितीतल्या माणसाने काय केलं? घरात आरओ बसवला, जारवाल्याचा नंबर मोबाइलमध्ये घेतला आणि निश्चिंत झाला. मला हे नवं सोवळं वाटतं. माझा माठ शुद्ध, शेजारच्या वस्तीचं ती पाहील. आजीचं सोवळं निदान तिच्या मोरीपर्यंत तरी टिकायचं. हे नवं उंबऱ्याबाहेर टिकत नाही: तुमचं मूल शाळेत जातं, मैदानात लोळतं, कोपऱ्यावरची पाणीपुरी खातं. ज्या पोराने पाइपाला तोंड लावलं ते तुमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईचंच असेल. आरओ असलेल्या घरांनी वस्तीतल्या नळासाठी आवाज उठवला नाही, तर तो दुसरा कोण उठवणार?

या परिसराला एक जुनी ओळखही आहे. १८९७ च्या प्लेगात हडपसरच्या ससाणे मळ्यात सावित्रीबाई फुले यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी दवाखाना उघडला होता. शेजारच्या मुंढव्याच्या महारवाड्यातलं गायकवाडांचं आजारी पोर सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथे आणलं. पोर वाचलं. सावित्रीबाईंना प्लेगने गाठलं आणि १० मार्चला त्या गेल्या. कोण शिवलं याचा हिशेब त्या बाईने कधीच फाडून टाकला होता. आपण तिचे पुतळे उभारतो, आणि पुतळ्याच्या हारासाठी वर्गणी काढणारे आम्ही वस्तीतल्या नळासाठी अर्ज लिहायला बसत नाही.

घरातही शहाणपण कमीच. जुलाब लागले की ‘डॉक्टर, सुई टोचा, सलाईन लावा’, नाहीतर मेडिकलमधून जुलाब बंद करणारी गोळी आणि मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिक. लहान मुलांना जुलाब थांबवणारी गोळी देऊ नये. अँटिबायोटिक लागते ती शीतून रक्त पडत असेल किंवा पटकीसारखं काही असेल तेव्हा, तेही डॉक्टरांनी सांगितलं तर. बहुतेकांना हवं असतं ते पाणी, मीठ आणि साखर. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली, सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांतून हेच पाणी वाटलं. तीस टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात पूर्ण ओतायची. पुडी नसेल तर लिटरभर उकळून निवलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा-चमचा पाजायचं, अंगावरचं दूध आणि पेज चालू ठेवायची, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे झिंक द्यायचं. मूल ग्लानीत असेल, लघवी बंद असेल किंवा शीतून रक्त येत असेल, तर मात्र दवाखान्यात पळायचं.

क्लोरीन तपासायची छोटी बाटली मिळते. नळाच्या पाण्यात थेंब टाकले की क्लोरीन असल्यास पाणी पिवळं होतं. परवा ती घेऊन मी टँकरपाशी गेलो. ‘यात क्लोरीन टाकलंय का?’ म्हणून ड्रायव्हरला विचारलं.

‘साहेब, एकदम गोड पाणी आहे,’ तो म्हणाला.

पेल्यात थेंब टाकले. पाच मिनिटं थांबलो. पाणी तसंच राहिलं, नितळ. मागे पोरांची पाइपावरून जुंपली होती.