पट्टीवर कोणाचं नाव?

ट्रॉलीला रंग मारून झाला की वर्कशॉपवाले काका ॲल्युमिनियमची एक पट्टी काढतात. ऐरणीवर ठेवतात, डब्यातून आकड्यांचे पंच शोधतात आणि एकेक आकडा हातोडीच्या एकाच घावात उमटवतात. दुसरा घाव घातला तर आकड्याला सावली पडते, पट्टी फुकट जाते. वर वर्कशॉपचं नाव, खाली चेसिस नंबर, बनवल्याचा महिना आणि वर्ष. चार रिव्हेट मारले की ती पट्टी ट्रॉलीला कायमची बसते.

परवा निफाडजवळ त्यांच्याकडे बसलो असताना एक तरुण आला. मोटरसायकलचं इंजिन, रिक्षाची चाकं आणि अँगल जोडून त्याने घरीच छोटी चारचाकी केली आहे. वडिलांचे गुडघे दुखतात. त्यांना द्राक्षबागेत जाता यावं म्हणून.

‘‘काका, मलाही अशी प्लेट करून द्या.’’

‘‘नंबर कोणता घालू?’’

त्याने खिशातून चिठ्ठी काढली. भंगारात गेलेल्या एका रिक्षाचा चेसिस नंबर होता. काकांनी चिठ्ठी वाचली, घडी घालून त्याच्या हातात परत दिली.

‘‘हा त्या गाडीचा नंबर आहे, बाळा. माझी ट्रॉली रस्त्यात मोडली तर लोक पट्टी वाचून माझ्या दारात येतात. तुझी मोडली तर कोणाच्या दारात जायचं?’’

पोरगा चोर नव्हता. कोंडीत सापडला होता. मोटार वाहन कायदा नोंदणीशिवाय गाडी रस्त्यावर आणू देत नाही. नोंदणीसाठी गाडी रस्त्यायोग्य असल्याचा फॉर्म 22 लागतो, आणि तो देतो उत्पादक. उत्पादकाने आधी आपल्या नमुन्याची चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून करून घ्यायची असते. हजारो गाड्या काढणाऱ्या कारखान्याला हे सहज परवडतं. बापासाठी एकच गाडी करणाऱ्याने काय करावं?

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने भंगारातून किक मारून सुरू होणारी छोटी जीप केली, ते डिसेंबर 2021 मध्ये सगळ्या देशाने पाहिलं. उद्योगपती आनंद महिंद्रांनी जाहीर कौतुक केलं आणि त्याच वेळी ही गाडी नियमात बसत नाही, हेही स्पष्ट सांगितलं. तिच्या बदल्यात त्यांनी नवी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी 2022 मध्ये ती दिलीही. मला त्यांचं मोठेपण मान्य आहे. पण एका माणसाला मिळालेल्या बक्षिसाने बाकीच्यांसाठी वाट तयार होत नाही. ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या एकेका गाडीचीही तपासणी होते, ब्रेकपासून दिव्यांपर्यंत. जिची मूळ ओळख पटत नाही तिला ‘क्यू’ अक्षराने सुरू होणारा नंबर देतात. तिची ओळख ठाऊक नाही, हे सरकारच उघडपणे लिहून देतं आणि गाडी रस्त्यावर येते. असं दार आपल्याकडेही असायला हवं. हातात कसब असलेल्या पोराला खोट्या नंबराकडे ढकलणारी व्यवस्था त्याच्या खोटेपणात वाटेकरी आहे, असं मी मानतो.

तरीही काकांचा नकार मला बरोबरच वाटतो. ओझर याच निफाड तालुक्यातलं. तिथे 1964 मध्ये मिग विमानांसाठी हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा (एचएएल) कारखाना उभा राहिला. विमानाच्या महत्त्वाच्या भागांवर नंबर कोरतात, कारण काही बिघडलं तर तो भाग कधी, कुठे तयार झाला आणि कोणी तपासला इथपर्यंत माग काढता यावा लागतो. रस्त्यावरच्या गाडीचंही तसंच. समोरून सायकलवर येणाऱ्या शाळकरी मुलीने आपली गाडी पाहिलेली नसते, आपल्यालाही ती ओळखत नसते. तिच्याशी आपलं नातं असतं ते एवढंच, की गाडी कोणाची आणि कोणी केली हे लपवायचं नाही. मेलेल्या रिक्षाचा नंबर ठोकला की ते नातंही तुटतं.

पोरगा बराच वेळ उभा राहिला. मग काका म्हणाले, ‘‘नंबर नाही घालणार. तुझं नाव, गाव आणि साल घालतो. गाडी रस्त्यावर आणू नकोस, बागेतल्या बागेत फिरव.’’

त्यांनी नवी पट्टी ऐरणीवर ठेवली, पहिल्या अक्षराचा पंच उभा धरला आणि हातोडी उचलली.

‘‘थांबा काका,’’ तो म्हणाला. ‘‘मागचा ब्रेक थोडा उशिरा लागतोय. तो नीट करतो, मग नाव घाला.’’