वाद्याचे शिर

ज्या भागातून नाद निघत नाही, तो घडवण्यात माणसाने किती श्रम खर्च करावेत? प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक आहे. परंतु घरी स्वतःच्या हाताने गिटार करू पाहणाऱ्यास तो टाळता येत नाही. दांडीच्या टोकाशी सहा खुंट्या धारण करणारा जो भाग असतो, त्यास आम्ही येथे शिर म्हणू. गिटारीचा नाद मुख्यतः तिच्या वरच्या पातळ फळीवर अवलंबून असतो. अंतोनियो दे तोरेस या स्पॅनिश कारागिराने १८६२ साली बाजू व पाठ कागदाच्या लगद्याची करून हे दाखवून दिले. मग शिराची एवढी चिंता कशासाठी?

प्रथम त्याचे कार्य पाहू. पोलादी तारांच्या गिटारीत सहा तारांचा एकत्रित ताण ७० किलोंच्या आसपास असतो. तो सोसण्यासाठी शिर बळकट हवे. पुष्कळ गिटारींचे शिर मागे कललेले असते. त्या कलामुळे तारा दांडीच्या टोकावरील हाडाच्या पट्टीवर दाबून बसतात. असे शिर सरळ फळीतून कोरून काढले, तर कलाच्या जागी लाकडाचे तंतू आखूड पडतात आणि धक्का बसताच वाद्य नेमके तेथेच मोडते. म्हणून जाणता कारागीर लाकूड तिरके कापतो, कापलेला तुकडा उलटून पुन्हा चिकटवतो, आणि तंतू शिराच्या लांबीने धावू लागतात. वर शोभेच्या लाकडाचा पापुद्रा चढला की समोरून सांधा दिसत नाही. पाहणारा त्याची वाखाणणी करणार नाही. तारांचा ताण मात्र रात्रंदिवस त्याची परीक्षा घेत राहील. ज्या श्रमाला साक्षीदार नाही तो प्रामाणिकपणे करणे, हा येथील पहिला धर्म होय.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. स्पॅनिश परंपरेत शिराच्या माथ्याची वळणे ही कारागिराची जणू स्वाक्षरीच मानली जाते. व्यापारी जगातही तसेच. १९७७ साली गिब्सनच्या मालक नॉर्लिन कंपनीने आयबानेझ गिटारी विकणाऱ्या एल्जर कंपनीवर शिराच्या आकृतीवरून खटला भरला. पुढे तो तडजोडीने मिटला. पण जो काही विकत नाही, स्वतःसाठीच वाद्य करतो, त्याने एखाद्या विख्यात शिराची आकृती उतरवली तर कोणाचे काय बिघडले?

आमच्या मते येथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. सहाही खुंट्या एका बाजूस लावण्याची रीत व्हिएन्नाच्या श्टाउफरच्या गिटारींत होती. १८३३ साली न्यूयॉर्कला गेलेल्या मार्टिननेही ती वापरली. आणि १९५४ च्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरमध्ये ती पुन्हा दिसली. ही व्यवस्था म्हणजे विद्या, आणि विद्या घेण्यात चौर्य नाही. माथ्याचे शेवटचे वळण मात्र 'हे अमक्याचे काम आहे' एवढेच सांगण्यासाठी असते. ते उतरवले की वाद्य एक खोटे वाक्य बोलू लागते. शिष्य गुरूचे अक्षर गिरवतो, हे योग्यच. पण गिरवलेल्या पानाखाली तो गुरूची सही करीत नाही.

शिवाय वाद्य कर्त्यापेक्षा अधिक जगते. आज कोणाची फसवणूक नसेल. उद्या ते परक्या हाती जाईल, आणि तेथे त्याचा खुलासा करावयास कर्ता नसेल.

याचा अर्थ नावीन्याच्या हव्यासाने शिराला चमत्कारिक शिंगे फोडावीत असा नव्हे. तोही दिखाऊपणाच. खुंट्यांना पुरेशी जागा, तारांना सरळ वाट, हाताला न बोचणाऱ्या कडा, एवढे साधून कानस जेथे थांबेल, तेथे जो आकार उरेल तो साधा असेल. पण तो त्याच हाताचा असेल, आणि त्या हाताबद्दल खोटे काही सांगणार नाही.