झाकली मूठ

घरातल्या माणसांवर विनोद करावा की करू नये, याचा निकाल आमच्याकडे फार पूर्वीच लागलेला आहे. एका दिवाळी अंकात मी आमच्या काकांच्या तपकिरीवर आणि घोरण्यावर लेख लिहिला. काका त्यानंतर बोलले ते थेट संक्रांतीला. तेही 'तिळगूळ घे' एवढंच. 'गोड बोल' त्यांनी जाणूनबुजून गाळलं.

तेव्हापासून स्वतःच्या घरची लक्तरं वेशीवर टांगणारा लेखक दिसला, की मला त्याच्याबद्दल आदर वाटतो आणि काळजीही. असा एक इसम परवा भेटला. म्हणजे भाचीनं त्याचा सिनेमा दाखवला. नाव डेल शोअर्स, धंदा नाटककाराचा. १९५७ साली टेक्सासमधल्या विंटर्स नावाच्या गावी जन्म. वडील सदर्न बॅप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक, आई शाळेत नाटक शिकवणारी. व्यासपीठ दोन्हीकडून वारशानंच आलेलं! पुढे लग्न झालं, दोन मुली झाल्या, आणि मग आपण समलिंगी आहोत हे त्यानं उघडपणे सांगितलं. त्याच्या पंथाच्या लेखी हे पाप. हा पंथ १८४५ साली गुलामगिरीची बाजू घेऊन उत्तरेकडच्या धर्मबंधूंपासून फुटला आणि त्याबद्दल त्यानं माफी मागितली ती १९९५ साली. दीडशे वर्षांचा अबोला! आमच्या काकांचे दोन-तीन महिने म्हणजे काहीच नाहीत.

सिनेमाचं नाव 'सॉर्डिड लाइव्ह्‌ज'. १९९६ साली आधी नाटक झालं, २००० साली सिनेमा. टेक्सासमधल्या एका गावातली, नातवंडं असलेली एक आजी मोटेलमध्ये मरते. का? तर तिच्याहून पुष्कळ तरुण आणि विवाहित असलेल्या मित्रानं आपले लाकडी पाय काढून ठेवलेले असतात आणि अंधारात ती त्यांनाच अडखळते. आता शोक करायचा, की हे गावाला सांगायचं कसं याची चिंता करायची? मुली तिसऱ्याच गोष्टीवर भांडतात : आईला फरच्या शालीसकट पुरायचं का? ऐन उन्हाळ्यात बरं दिसेल का ते? तिरडी बांधताना उपरण्यावरून झालेली भांडणं ज्यांनी ऐकली आहेत, त्यांना हे अमेरिकन वाटणार नाही.

पण याच आजीचा एक मुलगा तेवीस वर्षं मनोरुग्णालयात आहे. गुन्हा एवढाच, की तो बायकी कपडे करून टॅमी वायनेट या गायिकेसारखा गातो. त्याला 'बरं' करायला निघालेल्या डॉक्टरीणबाईंचा डोळा टीव्हीवर झळकण्यावर. मी खो खो हसलो. हसता हसता तेवीस हा आकडा मात्र घशात अडकला.

आता मुद्दा असा : आपल्याकडे म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची. घरचं घरात राहावं. ठीक आहे. पण त्या मुठीत कोणी माणूस असेल तर? सव्वा लाख घराला मिळतात. गुदमरतो तो एकटा. शोअर्स मूठ उघडतो ती आईबापाची फजिती करायला नव्हे, असं मला वाटतं. ज्या प्रार्थनागीतांनी त्याला घाबरवलं, त्यांच्या चालींवर अजून त्याचं प्रेम असावं. 'सदर्न बॅप्टिस्ट सिसीज' या त्याच्या नाटकात चर्चमध्ये वाढलेली चार मुलं आहेत. बारमध्ये बसून फटकेबाजी करणारी म्हातारी माणसंही आहेत, त्यामुळे हशा भरपूर. आणि त्या चारांतला एक मुलगा गळफास घेतो. तिथे नाटककार विनोद करत नाही. कुठे हसायचं नाही हे त्याला कळतं, म्हणून बाकीचं हसणं मला रुचतं.

माझं काय झालं होतं? काकांना राग आला तो तपकिरीचा. मला स्वतःला लेखात सलतं ते वेगळंच. त्या लेखात सगळं घर होतं. नव्हता फक्त माझा एक आतेभाऊ. त्यानं लग्न केलं नाही. त्याचा एक मित्र दर रविवारी यायचा. एके वर्षी यायचा बंद झाला, आणि का, ते कोणी विचारलं नाही. 'त्याला संसारात रस नाही' या एका वाक्यावर आमच्या घरानं चाळीस वर्षं काढली. मीही काढली.

अंक आला त्या दिवाळीत तो पंगतीत वाढत होता. माझ्या पानाशी वाकून हळूच म्हणाला, "छान लिहिलंयस रे. सगळे आलेत. माझ्यावर काहीच नाही?"

मी म्हणालो, "तुझ्यात हसण्यासारखं काय आहे?"

"तेही खरंच," असं म्हणून तो आमटीचं भांडं घेऊन पुढच्या पानाकडे गेला.