वाढवणाऱ्या हाताचा हक्क

पिंपळगाव बसवंतच्या आसपासच्या मळ्यांत एक चित्र नेहमी दिसतं. द्राक्षबागेच्या कडेला ब्रॉयलरची लांब शेड आणि घरापुढच्या अंगणात दहा-पंधरा गावरान कोंबड्या. शेडमधले हजारो पक्षी कंपनीचे. पिलं कंपनी देते, खाद्यही तीच देते, शेतकऱ्याला संगोपनाचे पैसे मिळतात. चाळीस-बेचाळीस दिवस झाले की रात्री गाडी येते, क्रेट भरतात आणि सकाळी शेड रिकामी असते. त्या रात्री घरात कुणाला गलबलून येत नाही. पण त्याच घरात आखाडासाठी अंगणातला एक कोंबडा कापायचं ठरलं की माणसं एकमेकांकडे बघू लागतात. सुरी कुणी धरायची यावर टाळाटाळ सुरू होते.

याला ढोंग म्हणणं सोपं आहे, पण मला तसं वाटत नाही. शेडमधल्या पक्ष्याला ओळखायला वेळच मिळत नाही आणि तशी सोयही नसते. अंगणातला कोंबडा खाण्याजोगा व्हायला पाच-सहा महिने जातात. खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवायची, एकवीस दिवस तिला सांभाळायचं, पिलं निघाली की घारीवर आणि मुंगसावर नजर ठेवायची, मानमोडीची साथ आली की जीव टांगणीला लागतो, आणि रोज दिवेलागणीला सगळी मोजून डालग्याखाली झाकायची. हे सगळं घरातली बाई करते. माझ्या काकूच्या अंगणात एक तांबडा कोंबडा होता. ती उंबऱ्यावर बसून शिळी भाकरी कुस्करायला लागली की तो बाकीच्यांना मागे सारून तिच्या पायाच्या पंज्यावर उभा राहायचा. नखं रुतायची, तरी ती पाय हलवायची नाही. माया लागते ती अशी, रोजच्या कामातून. मग ती कापायच्या दिवशी गुपचूप बाजूला ठेवता येईल, अशी अपेक्षा तरी का करायची?

अंड्यांचे पैसे बाईचे, असा आपल्याकडचा अलिखित नियम आहे. पण कोंबडा कधी कापायचा हे बहुतेक घरांत ती ठरवत नाही. जावई आला, पाहुणे मुक्कामाला राहिले, आखाड सरत आला, की ओट्यावर बसल्या बसल्या निर्णय होतो. कापायला एखादा पुतण्या पुढे होतो. ती मागच्या दारी जाते आणि थोड्या वेळाने तेच मांस पातेल्यात तिच्यापुढे येतं. काळा मसाला तिने वाटायचा, रस्सा तिने करायचा, भाकरी तिनेच थापायच्या. डोळे पुसले तर वर ऐकायचं, ‘एवढं काय त्यात, कोंबडंच तर आहे!’ माझं भांडण या वाक्याशी आहे. वाढवणं एकीचं, ठरवणं दुसऱ्याचं, कापणं तिसऱ्याचं, अशी आपण कामाची वाटणी केली आहे. त्यात जिला सर्वांत जास्त कळतं, तिच्या शब्दाला जागाच नाही.

जुन्या गावगाड्यात कापण्याला निदान एक ठरलेला माणूस होता. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिलं, त्यात ज्या बलुत्या-अलुत्यांचं जग उभं राहतं त्यातलाच एक मुलाणी. अनेक गावांत हिंदू घरांतलं बकरं-कोंबडंही तोच कापायचा. त्याच्या तोंडी देवाचं नाव असे, हाताला सवय असे, सुरीला धार असे, आणि त्याचा ठरलेला वाटा त्याला मिळे. त्या व्यवस्थेतली उच्चनीचता मला परत नको आहे. पण जीव घेणं हे जाणत्याचं काम आहे, ते कुणीही कसंही करू नये, एवढी समज तिच्यात होती. आज चौकातल्या दुकानात एक पक्षी कापला जात असताना बाकीचे पिंजऱ्यातून ते पाहत असतात, कापलेला ड्रममध्ये फडफडतो, आणि आपण मोबाइल बघत पिशवीची वाट पाहतो. घरी कापायला जड जातं म्हणून अंगणातली कोंबडी त्याच दुकानात नेणारे मी पाहिले आहेत. वाईट वाटणं त्याने आपल्या नजरेआड होतं. कोंबडीच्या वाट्याला मात्र जास्त भीती येते.

म्हणून हळव्या माणसाने कापण्याची रीत नीट शिकून घ्यावी, असं मला आग्रहाने वाटतं. आदल्या रात्रीपासून दाणा बंद, पाणी मात्र चालू ठेवायचं. पोट रिकामं असलं की आतडी साफ करणं सोपं जातं. पक्षी अंगणभर पळवून पकडायचा नाही. अंधारात कोंबडी शांत असते, तेव्हाच हलक्या हाताने उचलून वेगळी झाकून ठेवायची. सकाळी बाकीच्या पक्ष्यांपासून दूर न्यायची. पत्र्याच्या शंकूत उलटी धरली, मान खालून बाहेर राहिली, की पंख आपटत नाहीत आणि धरणाऱ्याचा हातही थरथरत नाही. सुरीला आदल्या दिवशीच धार लावायची. जबड्याच्या लगेच खाली, दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या एका झटक्यात कापल्या गेल्या पाहिजेत. काही सेकंदांत शुद्ध हरपते. त्यानंतरची फडफड ही मज्जातंतूंची असते. ती पाहून नवख्याचा धीर सुटतो, म्हणून हे आधीच सांगून ठेवावं लागतं. शरीर पूर्ण निश्चल होईपर्यंत थांबायचं, मगच गरम पाण्यात बुडवायचं. पाणी उकळतं नको. साठ-पासष्ट अंश पुरतं, नाहीतर पिसांबरोबर कातडी निघते. मग हळद लावून जाळावर भाजणं आणि कलेजीला चिकटलेली पित्ताची पिशवी न फोडता काढणं हे बहुतेक घरांना येतं. न येणारा भाग त्याआधीचा आहे.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा आपला कायदा १९६० चा. अन्नासाठी प्राणी मारणं तो गुन्हा मानत नाही, पण अनावश्यक वेदना मानतो. बोथट सुरीने दोनदा-तीनदा कापणं ही अनावश्यक वेदनाच. युरोपीय संघाच्या २००९ च्या नियमावलीत तर हाताने मान मोडून पक्षी मारण्यावर मर्यादा आहे: पक्षी तीन किलोपेक्षा जड नको आणि एका माणसाने दिवसात सत्तरपेक्षा जास्त मारायचे नाहीत. हात थकतो आणि मनही निबर होत जातं, हे त्या आकड्यामागे मला दिसतं. कापणाऱ्याला काहीच वाटेनासं झालं तर त्याने थांबावं, असं मी म्हणेन. ‘सवय होईल’ हा सल्ला मला म्हणूनच धोक्याचा वाटतो. हाताला सवय व्हावी, मनाला होऊ नये.

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला. लाखो पक्षी नष्ट करावे लागले. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या काही गावांत परसातल्या कोंबड्यांमध्ये तो निघाला आणि पथकं घरोघर गेली. साथ रोखायची तर ते करणं भागच होतं. पण परसातला पक्षी तिथे कुणाच्या ताटात गेला नाही, त्याला नेणारा हात ओळखीचा नव्हता, आणि भरपाई ठरली ती नगामागे. तसं पाहिलं तर मरण दोन्हीकडे सारखंच. तरी आखाडातलं दुःख आणि ते दुःख एक नाही. कोण मारतो, कशासाठी, आणि वाढवणारीला विचारलं होतं का, यावर दुःखाचं रूप ठरतं.

मुलांना ‘कोंबडा पळून गेला’ असं सांगू नये. रश्शाच्या वासावरून त्यांना कळतंच, आणि मग मोठी माणसं खोटं बोलतात हेही कळतं. आदल्या दिवशी सांगावं. एखाद्याने त्या दिवशी पिठलं मागितलं तर मुकाट्याने करून द्यावं.

अंगणात दोन-तीन कोंबडे वाढले की ते एकमेकांना रक्तबंबाळ करतात, कोंबड्यांनाही छळतात. निघालेल्या पिलांत जवळपास निम्मे नर असतात. तेव्हा काही नर कापावे लागणारच. कुठले, हे आखाडाच्या तोंडावर पाहुण्यांपुढे ठरवायचं कारण नाही. पिलं दोन-अडीच महिन्यांची झाली, तुरे लाल दिसू लागले, की जिने वाढवली तिनेच बोट दाखवावं: हा राहील, हे दोन जातील. जाणाऱ्यांना नाव ठेवू नये, हातावर खायला घालू नये. अंडी थांबलेल्या म्हाताऱ्या कोंबडीला ती ‘राहू दे’ म्हणाली, तर मूठभर दाण्याचा हिशेब कुणी तिच्यापुढे मांडू नये. ती कोंबडी अजून दुसरीची पिलं पंखाखाली घेते, गोठ्यातल्या गोचिडी वेचते. आणि जावई आला असला, तरी तिने ‘आज नाही’ म्हटलं तर ओट्यावरच्यांनी उठून बाजारातून एक किलो आणावं.