सिमला ऑफिस चौकातली वाफ

डिसेंबरातली पहाट. सिमला ऑफिस चौकात एका बंद दुकानाच्या पायरीवर बसला आहात, असं समजा. मफलर जरा सैल करा. नाकानं सावकाश श्वास घ्या. नाकपुडीच्या कडेला गारठा चाटून जातो, तिथंच लक्ष राहू द्या.

शिवाजीनगरच्या या चौकाला हिमालयातल्या गावाचं नाव मिळालं, कारण १९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून इथं आलं. पुढं मुख्यालय दिल्लीला गेलं, नाव मागं राहिलं. बर्फ काही आला नाही. १९३५च्या जानेवारीत पुण्याचा पारा १.७ अंशांवर उतरला होता, तरीही नाही.

आता मनानंच सिंहगड चढा. घाई नको. हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते. गड शहरापेक्षा सुमारे साडेसातशे मीटर उंच. म्हणजे वर पाचेक अंश जास्त थंडी हवी. दुपारी असतेही. पण वारा पडलेल्या, निरभ्र रात्री हिशेब उलटतो. गार हवा जड. ती उतारावरून हळूहळू ओघळते आणि खोलगट जागी साचते. म्हणून कित्येक पहाटे पुणं महाबळेश्वरपेक्षा गार असतं. ही हवा पाण्यासारखी खाली येताना डोळ्यांपुढं आणा. तुमच्या घोट्यांपर्यंत आली असेल.

तिथून वेण्णा लेकच्या काठी या. एखाद्या पहाटे गवतावर आणि गाड्यांच्या टपांवर पांढरा थर दिसतो. पेपरात 'हिमकण' छापून येतं. पण हे आभाळातून पडलेलं नाही. रात्रभर आकाशाकडे उष्णता सोडत गवताचं पातं शून्याखाली गेलं; माणसाच्या छातीएवढ्या उंचीवरची हवा मात्र अजून शून्याच्या वरच आहे. एका पात्याकडे बघत राहा. कडेला मिठासारखे कण धरलेत. बोट लावलंत, की पाणी.

आता दूर, उत्तरेला. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर, लेह ३,५०० मीटरवर. लेहच्या रात्री उणे पंधराच्या घरात जातात. तरी बर्फ गुलमर्गला कमरेएवढा आणि लेहला बरेचदा बोटभर. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात अलीकडच्या डोंगररांगांवरच रिकामे होतात; पलीकडे पोचते ती कोरडी थंडी. आपल्याला हे नवं नाही. ताम्हिणीत कोसळणारे ढग सुप्याकडे जाईपर्यंत हलके झालेले आपण दर आषाढात बघतो. सह्याद्रीला जे पावसाचं, तेच तिकडं बर्फाचं. नुसत्या थंडीनं बर्फ होत नाही. ओल कुठून तरी चालत यावी लागते.

परत पायरीवर या. नाकानं श्वास आत घ्या. आता तोंड किंचित उघडून सोडा.

समोर वाफ दिसली? चौकातल्या गारठ्याला तुमच्या छातीतली ओल भेटली, एवढंच झालं. गुलमर्गच्या ढगातही सुरुवात अशीच होते. ती विरेपर्यंत बघा. पुन्हा एकदा सोडा, पुन्हा बघा.

मग मफलर नीट करा. कोपऱ्यावरच्या टपरीत स्टोव्ह पेटला आहे.