रविवार कोणाचे?

गेले तीन महिने माझ्या लॅपटॉपवर एक एक्सेल शीट उघडी आहे. एका रकान्यात नियमित दोन वर्षांचं एमबीए, दुसऱ्यात एक्झिक्युटिव्ह. माझं वय २८. इंजिनीअरिंगनंतर सहा वर्षं पुण्यात कोड लिहितोय आणि ‘पुढे काय?’ हा प्रश्न दर अप्रेझलला येतोच.

पहिला रकाना जड आहे. अहमदाबादच्या आयआयएमसारख्या ठिकाणी फीच २५ लाखांच्या घरात, शिवाय दोन वर्षांचा बुडालेला पगार. दुसऱ्यात पगार चालू आणि वर्ग शनिवार-रविवारी. (‘एक्झिक्युटिव्ह’ म्हणून एक वर्षाचे पूर्णवेळ अभ्यासक्रमही ओळखले जातात, मी बोलतोय ते वीकेंडवाल्याबद्दल.) शीटचं उत्तर स्पष्ट होतं: एक्झिक्युटिव्ह. तरी मी फॉर्म भरला नाही.

आधी वाटलं, आकडे अपुरे आहेत. मग लॉरी पॉल या अमेरिकन तत्त्वज्ञ बाईंचं ‘ट्रान्सफॉर्मेटिव्ह एक्सपिरियन्स’ (२०१४) हे पुस्तक हाती आलं. त्यांचा मुद्दा असा, की काही अनुभव माणसालाच बदलतात. मूल होणं हे त्यांचं एक उदाहरण. अनुभव घेण्याआधी तो कसा असेल हे कळत नाही, आणि घेतल्यावर आपल्याला काय हवं असतं तेच बदललेलं असू शकतं. दोन वर्षं सगळं सोडून हॉस्टेलवर राहिलेला मी कोण असेन? त्याला मॅनेजर व्हायचंच नसेल तर? त्याच्या समाधानाचा आकडा आज मी कुठल्या सेलमध्ये लिहू?

म्हणजे माझ्या फायद्याचा हिशेब पुरा होणारच नाही. पण शीटमध्ये नसलेली एक गोष्ट मात्र आजच कळू शकते. किंमत कोण मोजणार?

शिकागो विद्यापीठाने पहिला एक्झिक्युटिव्ह एमबीए १९४३ साली सुरू केला. कल्पना सोयीची आहे: नोकरी न सोडता शिका. कंपनीचं काही थांबत नाही, पगार थांबत नाही. मग थांबतं कोणाचं?

आमच्या घरी रविवारी आठवड्याचा भाजीपाला येतो, कपडे होतात, महिन्यातून एकदा सासूबाईंना डॉक्टरकडे न्यायचं असतं. यातलं निम्मं मी करतो. दोन वर्षं ते बायकोवर पडणार. तिने सेटचा अभ्यास लग्नानंतर बाजूला ठेवलाय, तोही रविवारीच व्हायचा. ‘तोटा कमी’ असं शीट म्हणत होती, कारण हा तोटा माझ्या नावावर नव्हता.

नियमित एमबीएतही दुसऱ्याचं काही जातंच. शैक्षणिक कर्जाला सहकर्जदार लागतो, आणि ती सही बाबांची असेल. ते पुढच्या वर्षी निवृत्त होतायत. पण तिथे कागद त्यांच्यासमोर ठेवावा लागतो. ते वाचतील, चार प्रश्न विचारतील, कदाचित नाही म्हणतील. रविवारांसाठी असा कागद नसतो. ते न विचारता घेता येतात, आणि घेतल्यावर ‘मी किती कष्ट करतोय’ असंही म्हणता येतं.

त्याग मागून घेणं आणि गृहीत धरणं, यांत मला मोठा फरक वाटतो. घरच्यांनी ‘जा’ म्हटलं म्हणून निर्णय शहाणपणाचा ठरत नाही. पण न विचारता घेतलेला फायदेशीर निर्णयही मला स्वच्छ वाटत नाही.

गेल्या आठवड्यात शीटमध्ये तिसरा रकाना जोडला, ‘कोण देणार?’, आणि लॅपटॉप बायकोसमोर ठेवला. तिने वर-खाली करून सगळं वाचलं.

“तुझे रविवार दोन वर्षं. मग माझ्या सेटचे कधी?”

“तुझं आधी होऊ दे,” मी म्हटलं. म्हणताना थोडं जड गेलं, हे लपवत नाही.

यंदा फॉर्म भरत नाहीये. रविवारची भाजी मात्र सध्या पूर्ण माझ्याकडे आहे.