आबांची शिकवणी

जळगावात बी.एस्सी. करणारी एक मुलगी घरच्या घरी फ्रेंच शिकत होती. वर्ग नाही, शिक्षक नाही. व्याकरणाचं एक पुस्तक, मोबाइल आणि शब्दांनी भरलेल्या वह्या. सकाळी पाठ केलेलं संध्याकाळी आठवत नसे. सुट्टीत ती धुळ्याला आजोबांकडे आली आणि म्हणाली, “आबा, फ्रेंच सोडते. शिकवायलाच कोणी नाही, तर येणार कसं?”

आबा निवृत्त शिक्षक. ते म्हणाले, “विनोबा शाळेत फ्रेंच शिकले, वडिलांच्या इच्छेने. संस्कृत मात्र शाळेबाहेर, स्वतःच्या ओढीने. आईला गीता सोप्या मराठीत हवी होती. आई 1918 साली गेली, पण तिच्या इच्छेतून ‘गीताई’ झाली. आपल्या अमळनेरचे साने गुरुजी त्रिचनापल्लीच्या तुरुंगात तमिळ शिकले आणि त्यांनी ‘तिरुक्कुरळ’ मराठीत आणलं. 1932 मध्ये दोघं इथं धुळ्याच्या तुरुंगात होते. फेब्रुवारी ते जून, दर रविवारी विनोबा गीतेवर बोलत आणि गुरुजी लिहून घेत. त्यातून ‘गीता प्रवचने’ हाती आली. शिकलेलं कोणीच स्वतःपाशी ठेवलं नाही. तू कोणाला देतेस?”

मुलगी गप्प.

“मग मला शिकव.”

पहिल्याच धड्याला आबांनी अडवलं. “तो गेला, ‘इल ए आले’. ती गेली, ‘एल ए आले’. मग लिहिताना ‘ती’च्या वेळी शेवटी एक ‘ई’ जास्त का?”

नियम पाठ होता, कारण सांगता येईना. तिने पुस्तक पुन्हा उघडलं. जाणं-येणं अशा काही क्रियापदांचं भूतकाळी रूप कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदलतं.

“हे तर आपलंच!” आबा हसले. “गेला, गेली. आपल्याकडे लिंगं तीन, त्यांच्याकडे दोनच. तुझं ओझं कमीच की!”

जळगावला परतल्यावरही रोज रात्री फोनवर शिकवणी चालू राहिली. आबा विचारत, ती अडे, शोधे, दुसऱ्या दिवशी सांगे. सुटे शब्द पाठ करणं थांबलं. आबांचं घर, शेत, एस.टी. यांवर वाक्यं होऊ लागली. वर्ष सरता सरता ती फ्रेंचमध्ये पानभर लिहू लागली. आबांचे उच्चार मात्र शेवटपर्यंत धुळ्याचेच राहिले.

तात्पर्य : शिक्षक मिळाला नाही म्हणून अडून बसू नये, विद्यार्थी शोधावा. दुसऱ्याला समजावून सांगता आलं, तेवढंच आपल्याला आलं.